रंगाआधीं भिंतीची ओल

घरांत कार्य निघालें, कीं जुन्या वाड्यांच्या ओलसर भिंतींवर घाईनें रंग चढतो. पुढच्या पावसाळ्यांत पोपडे पडले म्हणजे दोष रंगाऱ्यास दिला जातो; खरी चूक ओलीचें मूळ न शोधण्याची असते. बुरशीच्या खोलींत निजणाऱ्या मुलांस व दमेकरी वडील माणसांस ती बाधते.

भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटवून दोन दिवस ठेवावा. मागील बाजूस दंव धरल्यास ओल भिंतींतील, पुढील बाजूस धरल्यास खोलींतील हवेची. जोत्यापासून दोन-तीन फूट लोणा दिसल्यास ओल जमिनींतून चढते; वरून ओघळ आल्यास कौलें व पन्हळ पाहावीं. बाहेर भिंतीशीं साचलेली माती काढावी, मोरीचें पाणी दूर न्यावें.

मग लोणा कोरड्या ब्रशानें झाडावा. धुतल्यास क्षार पुन्हां आंत मुरतो. भिंत वाळण्यास इंचभर जाडीमागें सुमारें 1 महिना लागतो. चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा वा तैलरंग देऊं नये. ओल आंत कोंडते. चुन्याचा गिलावा ती बाहेर पडूं देतो.

कार्य लांबवितां येत नसेल, तर यंदा चुन्याची सफेदीच द्यावी. रंग पुढील वर्षीं.