बोअर पाताळात, कायदा कागदात



पाचगणीच्या टेबललँडवर चैत्रात उभे राहिले की खाली कृष्णेच्या खोऱ्यात धोम धरणाचे पाणी चमकताना दिसते. आणि त्याच वेळी डोंगरावरच्या एखाद्या वाडीत झऱ्यापाशी हंडे रांगेला लागलेले असतात. पावसाच्या माहेरी राहून ही पाळी का यावी?

आपल्या पठारावर जांभा आहे. तो पाणी पितो, पण खालच्या काळ्या पाषाणात ते सहज उतरत नाही. म्हणून ते कडेकपारीतून झरा होऊन बाहेर पडते. या काळ्या पाषाणाला बोअर पाडले आणि भेग लागली तर पाणी मिळते. मात्र ती भेग कोणत्या झऱ्याची वाट अडवते, हे वरून कळत नाही.

मागच्या हंगामात एका स्ट्रॉबेरीवाल्याने विचारले, "साहेब, एकशे ऐंशी फूट गेलो, थोडं लागलं. आणखी शंभर जाऊ का?" मी तोंड उघडायच्या आत त्याची कारभारीणच म्हणाली, "आणि खालचा झरा आटला तर पाणी कुठनं आणायचं, मशीनवाल्याच्या घरनं?" मला वेगळे सांगायची गरजच उरली नाही. तरी कायदा सांगितलाच.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम. त्याच्या नावात 2009 साल आहे, पण म्हणून तो 2009 साली लागू झाला असे समजू नका. विधानसभा आणि विधान परिषद ओलांडून राष्ट्रपतींची संमती मिळेपर्यंत 2013 साल संपत आले आणि अंमल 2014 मध्ये सुरू झाला. पुढे त्याच्या नियमांचा मसुदा निघाला तो 2018 च्या जुलैत, आणि त्यावर हरकती मागवल्या गेल्या. जुलैत! भाताची लावणी चिखलात चालू असताना राजपत्र कोण वाचणार? केंद्राच्या पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा निघाला तोही 31 जुलै 2024 ला, आणि हरकतींना मुदत 60 दिवसांची. मुद्दाम केले असे मी म्हणत नाही, पण हे दोन्ही कागद पावसाळ्यातच निघाले हे ध्यानात ठेवा.

विधेयक सभागृहात असते तेव्हा वर्तमानपत्रात दोन-चार दिवस गाजते, मग आपण ते विसरतो. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येते ती नियमांची भाषा. विहिरीची नोंद कोणी करायची, उपकर कोणावर, कोणत्या भागात पीक आराखडा करायचा, हे सारे तिथे ठरते. आमदाराला गाठायचे ते विधेयक असताना. लेखी हरकत द्यायची ती मसुदा निघाल्यावर. दोन्ही वेळा हुकल्या की उरते ते तहसीलचे हेलपाटे.

या कायद्यात 60 मीटर किंवा त्याहून जास्त खोलीची ती खोल विहीर, आणि शेती वा उद्योगासाठी अशी नवी विहीर घ्यायला मनाई आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फुटाला तीन कमी. बोअरची गाडी चालवणाऱ्यानेही नोंदणी केलेली असावी लागते. गाडी दारात येण्याआधी ती पावती मागा. लाजू नका, पैसा तुमचा जाणार आहे. आणि विजेचा हिशेब कायद्याहून जुना आहे: दुप्पट खोलीवरून तेवढेच पाणी तेवढ्याच वेळात उचलायचे तर पंपाला ताकद दुप्पट लागते.

पाचगणी-महाबळेश्वरकरांच्या डोक्यावर आणखी एक छत्र आहे. केंद्र सरकारने 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेने हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. झाडाला कुऱ्हाड लावायला परवानगी लागते हे बहुतेकांना ठाऊक आहे. पाण्याचे कलम मात्र थोड्यांनी वाचलेले असते. आपल्या रानासाठी आणि घरासाठी जमिनीतले पाणी उपसायला त्यात मोकळीक आहे. विकायला मात्र मंजुरीशिवाय परवानगी नाही. म्हणजे ठिबकवर स्ट्रॉबेरी पिकवणारा गुन्हेगार नाही. रानाच्या नावाने बोअर पाडून हॉटेलला टँकर भरणाऱ्याची गोष्ट वेगळी. असा टँकरवाला गावकीतलाच असतो, म्हणून सगळे गप्प बसतात. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गावी गप्प बसलो होतो. तिथला झरा पुढे मार्चमध्येच बंद पडू लागला. टँकरमुळेच, असे छातीठोक सांगता येणार नाही. मोजलेच कोणी नव्हते.

म्हणून यंदा एवढे करा. वाडीच्या झऱ्याखाली दर पौर्णिमेला एक घागर लावा, ती किती मिनिटांत भरते ते घड्याळावर पाहा आणि शाळेच्या वहीत तारखेसह लिहा. हे काम घरातल्या मुलीकडे द्या, ती चुकणार नाही. शेजारी गावातल्या बोअरची खोली आणि गट नंबर लिहा. पुढचा मसुदा निघेल तेव्हा ग्रामसभेचा ठराव, त्याला या वहीची नक्कल, आणि कार्यालयातून घेतलेली शिक्क्याची पोच. "आमच्यावर अन्याय होतो" असे चार ओळींचे अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत. साहेब ते फाइलीला लावून मोकळे होतात. आकडे असलेला अर्ज आला की मात्र आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते.

त्या स्ट्रॉबेरीवाल्याने बोअर एकशे ऐंशीवरच ठेवली. यंदा त्याने दहा गुंठे लागण कमी केली आणि उरलेल्या रानात घेवडा टाकला.