धरणातून आवर्तन सुटतं, तसं पिकाला हार्मोन थोडं थोडं देता येईल का?

खडकवासला धरणाचं पाणी कालव्यातून पार दौंड, इंदापूरपर्यंत जातं. पण सलग नाही, आवर्तनानं. ठरलेल्या वेळी, ठरलेलं तेवढंच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि हेच पाणी एकदम आलं. तेव्हा काय झालं ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

पिकांना दिल्या जाणाऱ्या वाढीच्या हार्मोनबाबत शास्त्रज्ञांचा सध्या असाच प्रयत्न सुरू आहे. सगळं एकदम फवारण्याऐवजी ते बारीक कणांत कोंडायचं आणि हळूहळू सोडायचं. याला म्हणतात एन्कॅप्सुलेशन.

आता मुळात पिकाला हार्मोन कोण देतं? द्राक्षवाले देतात, आणि बऱ्याच वर्षांपासून. जिबरेलिक ॲसिड, बागायतदारांच्या भाषेत 'जीए'. १९२६ मध्ये एइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढवणाऱ्या बुरशीचा अभ्यास केला. बुरशीतून पाझरणारं काहीतरी रोपं वाढवतं, हे त्यातून कळलं. ते 'काहीतरी' म्हणजे जिबरेलिन. आज ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याआधी त्याची फवारणी होते, म्हणजे घड लांब आणि मोकळा होतो. पुढे मणी धरले की घड द्रावणात बुडवतात, म्हणजे मणी फुगतो. प्रमाण किती? साधारण ४० पीपीएमच्या आसपास, म्हणजे लिटरभर पाण्यात फक्त ४० मिलिग्रॅम.

एवढ्याशा औषधाचा मोठा भाग वाया जातो, हीच अडचण आहे. काही पानांवरून ओघळतं. पाणी अल्कधर्मी असेल तर जीएचं विघटन होतं, म्हणून अनेक जण आधी पाण्याचा पीएच खाली आणतात. बरं, चुकून जास्त पडलं तर देठ जाड आणि ठिसूळ होतात, शिवाय पुढच्या वर्षी वेलीला घडच कमी लागण्याची भीती.

मग कोंडायचं कशात?

समुद्री शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट किंवा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनणारं कायटोसान. अल्जिनेटचे थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडले की लगेच घट्ट गोळ्या बनतात, अगदी झाऱ्यातून बुंदी पाडावी तशा. नॅनो कण यापेक्षा खूपच बारीक, डोळ्यांना न दिसणारे. त्यांची पद्धत वेगळी, तत्त्व तेच. हार्मोन आत सुरक्षित राहतं आणि हळूहळू झिरपतं. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जीए कायटोसानच्या नॅनो कणांत भरून घेवडावर्गीय पिकावर त्याची चाचणीही घेतली.

बाजारात मात्र वेगळंच उत्पादन आधी यशस्वी झालं. वन-एमसीपी नावाचा वायू फळ पिकवणाऱ्या इथिलीन या हार्मोनला अडवतो. पण वायू डब्यात भरून विकणार कसा? तो सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेसारख्या रेणूच्या पोकळीत बसवला आणि त्याची पावडर झाली. पाण्यात टाकली की वायू सुटतो. जगभरातली सफरचंदं शीतगृहात महिनोन्महिने टिकतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

शीतगृहात हे सोपं जातं, कारण दार बंद असतं. उघड्या रानात ऊन, पाऊस, दव हे सगळं ठरवतं की गोळी किती वेगानं झिरपेल. आणि द्राक्षात जीए कधी द्यायचं, याइतकंच कधी द्यायचं नाही हेही महत्त्वाचं. आवर्तन बंद करायला दरवाजा असतो. घडावर बसलेल्या कणाला तो नाही. त्यामुळे हळू सुटणारं ते चांगलंच, असं सरसकट म्हणता येत नाही.

'नॅनो', 'कॅप्सूल टेक्नॉलॉजी' लिहिलेली टॉनिकची बाटली किंवा रील दिसली तर आधी लेबल बघावं. भारतात जिबरेलिक ॲसिड कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येतं आणि त्याला केंद्रीय नोंदणी लागते. २०२१ पासून बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशाखाली आले, पण ती वेगळी गोष्ट. त्या नावाखाली हार्मोन विकता येत नाही. बाटलीत जीए असेल आणि लेबलवर त्याचं नावच नसेल, तर आधीच जीए दिलेल्या बागेत डोस नकळत वाढतो. शंका असेल तर पुण्याजवळच मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. दुकानदाराला विचारण्याआधी तिथे विचारलेलं बरं.