स्लॅबखालचे टेकू आणि भाड्याचा हिशेब

दुकानावर मजला चढवायचा किंवा गोदामावर स्लॅब टाकायचा म्हटले की आपण व्यापारी लोक सिमेंट आणि सळईचा भाव दहा ठिकाणी विचारतो. सेंट्रिंगची चौकशी सहसा कोणी करत नाही. काम झाल्यावर निघून जाणारी ती चीज!

ओल्या काँक्रीटमध्ये स्वतःला सावरण्याची ताकद नसते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर पाच इंची स्लॅब भरला, तर त्याचे वजन सुमारे ३ टन होते. वर मजूर आणि घमेली वेगळी. हे ओझे प्लेटांवरून टेकूंवर आणि तिथून जमिनीवर उतरते. म्हणून टेकू भरावाच्या मातीवर किंवा सुट्या विटांवर उभा करू नये. जमीन घट्ट चोपून खाली जाड फळी द्यावी. बल्ल्या आडव्या-तिरप्या बांधलेल्या हव्यात. काँक्रीटचा ढीग एकाच जागी ओतू नये, आणि भरणी चालू असताना खाली नाहक कोणी थांबू नये.

खरी गोम आहे ती खोलण्याच्या घाईत. सेंट्रिंग दिवसाच्या भाड्याने आले की ठेकेदाराला ते लवकर दुसऱ्या कामावर न्यायचे असते. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर चालता येते, त्यामुळे मालकही हो म्हणतो. पण कठीण होणे वेगळे आणि ताकद येणे वेगळे. भारतीय मानक आयएस ४५६ (२०००) प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटर गाळ्यापर्यंत किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवावे लागतात. तुळयांना ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१ दिवस. राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटची ताकद हळू येते; तिथे इंजिनिअरला विचारून मुदत वाढवावी.

वर दुसरा स्लॅब भरायचा असेल तर खालचे टेकू काढण्याची घाई आणखी महागात पडते. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात २ मार्च १९७३ रोजी स्कायलाइन प्लाझा या इमारतीच्या २४व्या मजल्याचे काँक्रीट चालू होते. खालच्या २३व्या मजल्याच्या स्लॅबचा आधार वेळेआधी काढला गेला होता. इमारत तळापर्यंत कोसळली, १४ कामगार ठार झाले.

ठेका ठरवतानाच टेकू किती दिवस राहतील आणि त्यांचे भाडे कोण देईल, हे कागदावर लिहून घ्यावे. आम्ही कापडवाले थान उलगडून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही; इथे तर खाली माणसे असतात. खोलतानाही स्लॅबचे टेकू मधून भिंतींकडे आणि छज्जाचे मोकळ्या टोकाकडून आत, असेच काढायला सांगावे.