फोटो एन्क्रिप्ट केला, पण मूळ प्रत कुठे आहे?

आधार कार्ड, सातबारा, दवाखान्याचे रिपोर्ट या सगळ्यांचे फोटो आता लॅपटॉपवर असतात. ते एन्क्रिप्ट करायला टर्मिनलवरची एक कमांड पुरते, आणि जीपीजीसारखं साधन फुकट मिळतं. अडचण येते ती त्याबद्दलच्या चुकीच्या समजुतींमुळे.

एक्स्टेंशन बदललं की फोटो लपतो, असं पुष्कळांना वाटतं. पण जेपीईजीची ओळख फाइलच्या नावात नसते, तिच्या पहिल्या बाइट्समध्ये असते. लिनक्सवरची ‘फाइल’ ही साधी कमांड तेच वाचून लगेच सांगते की हा फोटो आहे. बेस-64 या अक्षरांच्या रूपात बदललेला फोटोही कुणीही पासवर्डशिवाय परत मिळवू शकतो.

‘एईएस वापरलं ना, मग झालं’ हा समज जास्त फसवा आहे. एईएस 2001 पासून एन्क्रिप्शनचं अमेरिकेचं सरकारी मानक आहे आणि आजही भक्कम आहे. पण ते 16 बाइट्सच्या एकेका तुकड्यावर काम करतं. एकामागून एक येणारे तुकडे कसे हाताळायचे ते ‘मोड’ ठरवतो. ईसीबी मोडमध्ये सारख्या तुकड्याचं उत्तर दर वेळी सारखंच येतं. लॅरी युइंग यांनी 1996 मध्ये काढलेला लिनक्सचा पेंग्विन, टक्स, याचं बिटमॅप चित्र या मोडमध्ये एन्क्रिप्ट करून पुन्हा चित्र म्हणून उघडलं, तर रंग विस्कटलेले असतात, पण पेंग्विन स्पष्ट ओळखू येतो. एका रंगाच्या सलग भागात तोच तुकडा पुन्हापुन्हा येतो, म्हणून आकार टिकतो. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या साधनात हा मोड आजही निवडता येतो. तो निवडू नका. जीपीजीत मोड निवडायची वेळच येत नाही, म्हणून घरगुती वापराला मी तेच सुचवेन.

फोटोचा दर्जा घसरेल ही भीती मात्र निराधार आहे. डिक्रिप्ट केलेली फाइल मूळ फाइलशी बाइटन्‌बाइट जुळते. दोन्हींचा एसएचए-256 हॅश काढून पडताळा.

खरी काळजी मूळ फोटोची घ्यायला हवी. ‘-सी’ पर्याय देऊन जीपीजी चालवलं की एक नवी, एन्क्रिप्ट केलेली फाइल तयार होते आणि मूळ फोटो तिच्या शेजारी तसाच राहतो. तो डिलीट केला तरी डेस्कटॉपच्या कॅश फोल्डरमध्ये त्याचं छोटं थंबनेल उरू शकतं, क्लाउडवर प्रत गेलेली असू शकते. एसएसडीवर ‘श्रेड’ कमांडने जुना डेटा पुसला जाईलच याची खात्री नसते. त्यामुळे अख्खी डिस्क आधीपासून एन्क्रिप्ट केलेली असणं केव्हाही चांगलं.

फाइल पासवर्ड न विचारताच उघडली, म्हणजे ती एन्क्रिप्ट झालीच नाही, असंही नाही. जीपीजीचा एजंट पासवर्ड काही वेळ, सहसा 10 मिनिटं, लक्षात ठेवतो. म्हणूनच लगेच केलेल्या चाचणीवरून पासवर्ड तुमच्या लक्षात आहे की नाही हे कळत नाही, आणि विसरलात तर तो परत मिळवायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी पासवर्ड स्वतः टाइप करून फाइल उघडा, फोटो नीट दिसतो ना ते बघा, आणि मगच मूळ प्रत डिलीट करा.