विष न हाताळता रक्षकाची मोजदाद

कपाशीवर फवारायचे किंवा घरात वाळवीसाठी मारायचे क्लोरपायरिफॉस आपल्याकडे अनेकांच्या परिचयाचे आहे. हे औषध शरीरात शिरले की यकृत त्याचे ‘ऑक्सॉन’ नावाच्या रूपात रूपांतर करते. गंमत अशी की मूळ औषधापेक्षा हे नवे रूपच मज्जासंस्थेला कितीतरी जास्त घातक असते. मात्र रक्तात त्याला तोडणारा एक रक्षकही आहे. पॅराऑक्सोनेझ-१, थोडक्यात ‘पॉन-१’ हे विकर, म्हणजेच एन्झाइम. ते यकृतात तयार होते आणि ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एचडीएलच्या कणांवर बसून रक्तात फिरते.

हा रक्षक सगळ्यांकडे सारखा नसतो. जनुकातील एका छोट्या फरकामुळे त्याचे ‘क्यू’ आणि ‘आर’ असे दोन प्रकार होतात. शिवाय एकाच प्रकारच्या दोन प्रौढांमध्येही त्याच्या प्रमाणात दहा पटींहून अधिक तफावत आढळते. नवजात बाळांमध्ये तर ते फारच कमी असते. म्हणून नुसती जनुकतपासणी पुरत नाही. रक्तातले विकर प्रत्यक्षात किती काम करते, हे मोजावे लागते.

आणि इथेच अडचण होती. मोजायचे कसे, तर रक्तद्रवात पॅराऑक्सॉन घालायचे. विकराने ते तोडले की पिवळ्या रंगाचे नायट्रोफेनॉल सुटते. रंग जितक्या वेगाने गडद होतो, तितके विकर कार्यक्षम. पद्धत सोपी, पण पॅराऑक्सॉन हे पॅराथिऑन या कुप्रसिद्ध कीटकनाशकाचे ऑक्सॉन. ते त्वचेतून शोषले जाते आणि अगदी थोडेसेही जिवावर बेतू शकते. विषापासून वाचवणाऱ्या विकराची चाचणी करताना तंत्रज्ञालाच विषबाधेची भीती! साध्या प्रयोगशाळेने ही जोखीम का घ्यावी?

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात क्लेमेंट फर्लाँग यांच्या गटाने 2008 मध्ये त्यावर उपाय मांडला. त्यांनी फिनाइल ॲसिटेट आणि त्याचाच क्लोरोमिथिल गट जोडलेला भाऊबंद, असे दोन पदार्थ घेतले. पॉन-१ हे दोन्ही तोडते, पण ‘क्यू’ आणि ‘आर’ यांचा तोडण्याचा वेग दोन्हींवर एकाच प्रमाणात बदलत नाही. एका पदार्थावरचा वेग आडव्या अक्षावर आणि दुसऱ्यावरचा उभ्या अक्षावर मांडला की माणसांचे ठिपके तीन वेगळ्या पुंजक्यांत पडतात: दोन्ही ‘क्यू’, दोन्ही ‘आर’ आणि मिश्र. प्रकार आणि कार्यक्षमता दोन्ही कळतात, तेही ऑर्गनोफॉस्फेट विषाचा थेंब न वापरता. या पदार्थांनाही हातमोजे घालूनच हात लावायचा, पण मज्जासंस्थेवर घाला घालणारे विष ते नव्हेत.

रक्त कोणत्या नळीत घ्यायचे, हेही इथे महत्त्वाचे. पॉन-१ ला काम करायला कॅल्शियम लागते आणि नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीए नेमके तेच बांधून टाकते. त्यामुळे सीरम किंवा हेपारिनच्या नळीतील प्लाझ्मा वापरतात. या एका चुकीने चांगल्या रक्षकाचा माणूसही दुबळा ठरेल.

आणखी एक मौज आहे. ज्या पॅराऑक्सॉनवरून या विकराचे नाव पडले, त्याच्यापासून जिवंत शरीराला ते फारसे वाचवत नाही. पॉन-१ नसलेल्या उंदरांना क्लोरपायरिफॉसच्या ऑक्सॉनचा त्रास कितीतरी जास्त झाला, पॅराऑक्सॉनचा मात्र नाही. म्हणजे इतकी वर्षे जोखीम पत्करून वापरलेले विष खऱ्या संरक्षणाचा मापदंड नव्हतेच.

ही तपासणी अजून मुख्यतः संशोधनापुरतीच आहे; डॉक्टरांकडे जाऊन ती मागण्यात अर्थ नाही. पुढे ती सोपी आणि स्वस्त झाली तर एक धोका मला दिसतो: ‘तुझे विकर चांगले आहे, तू फवार’ असे मजुराला सांगितले जाण्याचा. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांपुढे पॉन-१ चा फारसा उपयोग होत नाही. तिथे हातमोजे, तोंडावरचा मास्क आणि वाऱ्याची दिशा पाहून चालवलेला पंप हेच कामाला येतात.