कुबड्यांचा हिशेब

२७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत भारतीय जनता पक्षाच्या नव्या प्रदेश कार्यालयाचे भूमिपूजन झाले. महाराष्ट्राच्या राजकारणात आपला पक्ष आता कुबड्यांच्या आधाराने नव्हे, तर स्वतःच्या बळावर चालतो, अशा आशयाचे उद्गार केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी त्या प्रसंगी काढले. या कुबड्या म्हणजे नेमके कोण, हा इशारा मित्रपक्षांना आहे काय, याचा खल त्यानंतर काही दिवस चालू राहिला. विरोधकांनी चिमटे काढले, सत्तेतील मंडळींनी अर्थ उलगडून सांगितले. ज्यांच्या काखेत खरोखरीच कुबड्या असतात त्यांना हे सारे ऐकताना काय वाटले असेल, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत कोणी विचारल्याचे निदान माझ्या वाचनात आले नाही.

हा दोष एकट्या गृहमंत्र्यांचा म्हणता येणार नाही. आघाडीच्या सरकारला ‘कुबड्यांवरचे सरकार’ म्हणावयाचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तीपासून कोणताही पक्ष अलिप्त नाही. वृत्तपत्रेही नाहीत. मी स्वतःही नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पदवीच्या शेवटच्या वर्गाला राजस्व शिकवीत असता सहकारी साखर कारखान्यांना राज्य शासन देत असलेल्या कर्जहमीचा विषय निघाला, आणि ‘शासकीय हमीच्या कुबड्यांवर उभा असलेला उद्योग’ असे शब्द मी वापरले. शब्द बरे साधले या समाधानात मी तास संपविला. पहिल्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी मागे थांबला होता. लहानपणीच्या पोलिओमुळे तो दोन्ही काखांत कुबड्या घेऊन कॉलेजात येत असे. ‘‘सर, एक विचारू का?’’ तो म्हणाला. ‘‘तुमच्या वाक्यात कुबड्या म्हणजे दुबळेपणा. मला तर त्या आहेत म्हणून चालता येतं. त्या नसत्या तर मी कॉलेजला आलोच नसतो.’’ त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. व्याख्या नीट समजली नाही म्हणून विद्यार्थी विचारतात, तसे त्याने विचारले होते.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला या प्रश्नाने अधिकच ओशाळवाणे वाटले. कारण शास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर कुबडी हे भांडवली साधन आहे. नांगराने शेतकऱ्याची उत्पादकता वाढते, यंत्रमागाने विणकराची वाढते, तशी कुबडीने तिच्या मालकाची वाढते. आमच्या प्राध्यापककक्षातील निम्मी मंडळी चष्म्याशिवाय फळ्यावरचे वाचू शकत नाहीत. परंतु ‘चष्म्यावरचे सरकार’ अशी टीका केल्याचे कोणी ऐकले आहे काय? साधन तेच, काम तेच. एकाला शिक्षणाची खूण मानले, दुसऱ्याला लाचारीची.

आर्थर पिगू या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाचा ‘इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ हा ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. कारखान्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराचे त्यातील उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविले जाते. माल करणारा आणि माल घेणारा यांच्यातला व्यवहार दोघांच्याही फायद्याचा असतो. धूर मात्र तिसऱ्याच्या घरात शिरतो, आणि त्याची भरपाई मालाच्या किमतीत कोठेही धरलेली नसते. खाजगी परिव्यय आणि सामाजिक परिव्यय यांत अंतर पडते ते असे. राजकीय भाषणातील अपशब्दाचे स्वरूप मला नेमके या धुरासारखे दिसते. एक पुढारी दुसऱ्याला आंधळा म्हणतो, दुसरा पहिल्याला लंगडा ठरवितो, तिसरा उभ्या प्रशासनाला मुके आणि बहिरे म्हणून मोकळा होतो. हे सारे बहुधा धडधाकट असतात. त्यांचे या देवघेवीत काही बिघडत नाही. किंबहुना दोन्हीकडच्या सभांना टाळ्या पडतात. परंतु ‘आंधळा’ ही शिवी ठरावी यासाठी आंधळे असणे ही लाजेची गोष्ट आहे हे आधी गृहीत धरावे लागते. ते गृहीत धरल्याची किंमत सभेत बसलेली, पण शिवीशी काहीही संबंध नसलेली आंधळी व्यक्ती मोजते.

याची उदाहरणे कोणत्याही एका पक्षापुरती नाहीत. २ मार्च २०१९ रोजी विद्यार्थ्यांशी दूरसंवाद साधताना एक विद्यार्थिनी डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी केलेल्या प्रकल्पाची माहिती पंतप्रधानांना देत होती. चाळीस-पन्नास वर्षांच्या मुलालाही याचा उपयोग होईल काय, असे पंतप्रधानांनी मध्येच विचारले आणि सभागृहात हशा पिकला. रोख विरोधी पक्षाच्या नेत्याकडे होता हे सर्वांनी ओळखले. ज्या मुलांसाठी ती विद्यार्थिनी बोलत होती ती मुले त्या हशात बाजूला पडली. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूतील द्रमुकचे ज्येष्ठ मंत्री दुराईमुरुगन यांना अपंगांविषयी भाषणात वापरलेल्या शब्दांबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. अमेरिकेत तर डोनाल्ड ट्रम्प यांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये एका अपंग पत्रकाराच्या हातांच्या हालचालींची भर सभेत नक्कल केली, आणि पुढच्या वर्षी ते अध्यक्षपदावर निवडूनही आले. धूर सोडणाऱ्याला भुर्दंड पडत नाही, असे जे पिगू सांगतो, ते हेच.

या संदर्भात आपल्या संसदेतील एक गोष्ट मोठी बोलकी आहे. जुलै २०२२ मध्ये लोकसभा सचिवालयाने असंसदीय शब्दांची जी पुस्तिका काढली, तिच्यावर त्या वेळी बरेच वादळ उठले. त्या यादीत ‘बहरी सरकार’ हाही शब्दप्रयोग होता. तो आक्षेपार्ह ठरला तो सरकारची अप्रतिष्ठा होते म्हणून. बहिऱ्यांची होते म्हणून नव्हे!

आता कोणी म्हणेल की, शब्दांनी पोट भरत नाही आणि शब्दांनी उपाशीही मरत नाही. अपंगांना नोकऱ्या द्या, रस्ते-जिने सुधारा, भाषेचे काय घेऊन बसलात? युक्तिवाद वजनदार आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीनुसार (जुलै ते डिसेंबर २०१८) पंधरा वर्षांवरील अपंग व्यक्तींपैकी केवळ २३.८ टक्के व्यक्ती श्रमशक्तीत होत्या. त्याच सुमारास देशातील एकूण लोकसंख्येत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या घरात होते. ही दरी पुढाऱ्यांच्या भाषणांमुळे पडली असे म्हणणे अशास्त्रीय होईल. शाळा, वाहने, इमारती, मालकांची मने अशी कितीतरी कारणे तिच्या मुळाशी आहेत.

तथापि आकडेवारी गोळा करण्याच्या टप्प्यावरच शब्दाचा संबंध येतो, हे आपण विसरतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ सालचा अंदाज जगाच्या लोकसंख्येच्या १६ टक्के असा आहे. या तफावतीचा मोठा भाग व्याख्येतील फरकाचा आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण प्रगणक दारात उभा राहतो, घरात कोणी अपंग आहे काय असे विचारतो, शेजारी ऐकत असतात, आणि आतल्या खोलीत लग्नाची मुलगी किंवा तिचा भाऊ बसलेला असतो. ज्या शब्दाने आदल्या रात्री चौकातल्या सभेत कोणाची तरी रेवडी उडविली गेली, तोच शब्द आपल्या मुलापुढे लिहून घ्यावयाचा की नाही, हे त्या बापाला त्या क्षणी ठरवावे लागते. त्याने ‘नाही’ म्हटले तर मुलगा गणनेतून गळतो. पुढे तरतुदी ठरतात त्या गणनेच्या आधारानेच. शब्दाची किंमत रुपयांत मोजता येत नसेल. पण ती अंदाजपत्रकात कोठून शिरते ती वाट तरी ही आहे.

ॲडम स्मिथनेही १७७६ साली आवश्यक वस्तूंची व्याख्या करताना केवळ पोटापुरते पाहिले नव्हते. चारचौघांत लाज न वाटता वावरता येणे, आणि त्यासाठी लागणारा तागाचा सदरा किंवा चामड्याचे जोडे, हेही त्याने गरजांतच धरले. अमर्त्य सेन यांनी हा धागा पुढे नेला आहे. चारचौघांत लाज न वाटता वावरण्याची ही सोय समाजातील एका वर्गाकडून भाषणागणिक काढून घेतली जात असेल, तर तो प्रश्न शिष्टाचाराचा उरत नाही.

कायद्याने काय केले आहे? १९९५ चा कायदा मागे पडून २०१६ चा अपंग हक्क कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. सार्वजनिक ठिकाणी अपंग व्यक्तीचा मानहानीच्या हेतूने जाणूनबुजून अपमान केल्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्याच्या ९२ व्या कलमात आहे. परंतु या कलमाची शब्दरचना अपमानित व्यक्ती स्वतः अपंग आहे हे धरून केलेली आहे. धडधाकट मंत्र्याला लंगडा म्हणणारा धडधाकट आमदार त्यात कसा बसावा? डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने ही उणीव ओळखली असावी. मुका, वेडा, आंधळा, काणा, बहिरा, लंगडा, लुळा अशा शब्दांची यादीच देऊन पक्षांनी ते भाषणांतून व प्रचारसाहित्यातून टाळावेत, असे आयोगाने कळविले. पुढे ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटासंबंधीच्या निकालात अपंगत्वाची जाण वाढविणारा विनोद आणि अपंगांना हिणविणारा विनोद यांत स्पष्ट फरक केला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने काही विनोदवीरांना जाहीर माफी मागण्यास सांगितले. विनोद हाच ज्यांचा धंदा, त्यांना माफी मागावी लागली. राजकारण हा ज्यांचा धंदा, त्यांचा विनोद बहुतेक वेळा बिनबोभाट खपतो.

मग मराठी भाषा धुऊनच काढावयाची काय? तसे माझे म्हणणे नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली आपल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव दिले, तेव्हा मुकेपणाला हिणविण्याचा नव्हे, लादलेल्या मौनाला वाचा देण्याचा त्यांचा हेतू होता. ‘अंधश्रद्धा’ या शब्दावर तर महाराष्ट्रातील एक मोठी चळवळ उभी आहे. डोळस श्रद्धा चांगली आणि अंध ती वाईट, ही त्यातील वाटणी अंध वाचकाला बोचत असेल, पण त्या शब्दाला चटकन पर्याय मलाही सुचत नाही. शब्द कोणाला उणे ठरविण्यासाठी फेकला आहे, हे पाहिले की पुष्कळसा गोंधळ मिटतो. धृतराष्ट्राचेच घ्या. प्रत्येक निवडणुकीत कोणी ना कोणी कोणाला तरी धृतराष्ट्र ठरवितो. वस्तुतः हस्तिनापूर बुडाले ते राजाला दिसत नव्हते म्हणून नव्हे. विदुर त्याला सर्व सांगत होता, संजयही सांगत होता. त्याला सर्व कळत होते. बुडाले ते पुत्रमोहाने. घराणेशाहीवर बोलावयाचे असेल तर पुत्रमोह हा नेमका शब्द हाताशी आहे. त्यासाठी डोळ्यांना बोल लावण्याचे कारण नाही.

शब्द बदलून टाकण्याच्या सरकारी उत्साहाबद्दलही दोन शब्द लिहावयास हवेत. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला, आणि आज आपल्या राज्यात दिव्यांग कल्याण विभाग आहे. अपंगांच्या काही संघटनांनी त्यास तेव्हाच विरोध केला होता, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीनेही या शब्दाविषयी आक्षेप नोंदविला. दैवी अंग असलेल्याला उतरता जिना कशाला हवा, असे उद्या कोणी म्हणाले तर काय उत्तर देणार? मी या लेखात जाणीवपूर्वक ‘अपंग’ हाच शब्द वापरला आहे. तोही निर्दोष नाही, याची मला कल्पना आहे.

तामिळनाडूच्या प्रसंगाचा उत्तरार्ध अधिक उपयोगी वाटतो. मंत्र्यांच्या दिलगिरीनंतर काही दिवसांतच, एप्रिल २०२५ मध्येच, नागरी व ग्रामीण स्थानिक संस्थांत अपंग व्यक्तींना नामनियुक्त सदस्य म्हणून घेण्याची विधेयके मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधानसभेत मांडली. ज्या सभागृहात कुबड्या घेऊन एक सदस्य बसलेला आहे, तेथे कुबड्यांची उपमा वक्त्याच्या ओठांवर येऊन थोडी अडखळेल, एवढे तरी निश्चित.

माझ्यापुरते सांगावयाचे तर, दुसऱ्या वर्षी कर्जहमीचे प्रकरण शिकवावयाची वेळ आली तेव्हा टिपणांतील ते वाक्य मी खोडले. त्याच्या जागी काय लिहावे याचा विचार करताना लक्षात आले की, हमी म्हणजे काय, ती केव्हा अंगावर येते, आणि कारखाना थकला तर तिजोरीतून किती रक्कम जाते, हे त्या उपमेच्या भरवशावर मी कधी नीट सांगितलेच नव्हते. ते सांगावयास त्या दिवशी पंधरा मिनिटे जास्त लागली, आणि पुढच्या तासाचे प्राध्यापक दाराशी येऊन उभे राहिले.