दुसऱ्याचें कृत्य सांगण्याची इंग्रजी रीत



इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासतांना एक चूक आमच्या दृष्टीस वारंवार पडते. खालच्या इयत्तेंतील वहींत ती असते, आणि वरच्या इयत्तेंतील वहींतही असते. दुसऱ्या कोणाचें कृत्य आपण पाहिलें, ऐकलें, करविलें किंवा होऊं दिलें, असें भूतकाळीं सांगतांना ती होते. ‘मीं त्याला पडतांना पाहिलें’ हें सांगण्यासाठीं आमचा विद्यार्थी लिहितो, “आय सॉ हिम फेल.” पाहणें कालचें आणि पडणेंही कालचें, तेव्हां दोन्ही क्रियापदें भूतकाळीं हवींत, असा त्याचा हिशेब असतो. हिशेब सरळ दिसतो, परंतु वाक्य चुकतें. या चुकीचा उलगडा येथें करावा, असा आमचा विचार आहे. पालकांसही तो वाचतां यावा म्हणून इंग्रजी वाक्यें देवनागरींत दिलीं आहेत.

कोणी म्हणेल, एवढ्याशा चुकीनें काय बिघडतें? याचें उत्तर आम्हांस एका वहींतच मिळालें. ‘माझ्या हातून घडलेली एक चूक’ या विषयावर एका विद्यार्थ्यानें लिहिलें होतें. त्याचा धाकटा भाऊ पेरूच्या झाडावर चढला, फांदी मोडली आणि पोराचा हात दुखावला. ‘मीं त्याला चढूं दिलें’ हें सांगण्याकरितां त्यानें लिहिलें, “आय मेड हिम टु क्लाइंब द ट्री.” इंग्रजी जाणणारा मनुष्य याचा अर्थ ‘मीं त्याला झाडावर चढायला भाग पाडलें’ असाच करील. आम्हीं त्यास जवळ बोलावून विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “नाहीं सर, तोच हट्ट धरून बसला होता. मीं नको म्हणायला पाहिजे होतें, तें म्हटलें नाहीं.” म्हणजे त्याचा दोष परवानगी दिल्याचा होता, बळजबरी केल्याचा नव्हता. एका क्रियापदाच्या चुकीनें त्यानें आपल्या माथीं नसता दोष ओढून घेतला होता. त्यानें लिहावयास हवें होतें, “आय लेट हिम क्लाइंब द ट्री.”

आतां मूळ नियम पाहूं. “आय सॉ हिम फॉल” या वाक्यांत ‘सॉ’ हें भूतकाळाचें रूप आहे. ‘फॉल’ हें येथें कोणत्याच काळाचें रूप नव्हे. तें नुसती क्रिया सांगतें. काळ एकदां पहिल्या क्रियापदानें सांगितला, कीं तो दुसऱ्यानें पुन्हां सांगावयाचा नसतो. शिवाय पडणारा मनुष्य ‘ही’ या कर्त्याच्या रूपांत न येतां ‘हिम’ या रूपांत येतो, जसा मराठींत ‘तो’ न येतां ‘त्याला’ येतो.

ही रीत आपणांस परकी आहे काय? मुळींच नाहीं. ‘मीं त्याला जाऊं दिलें’ या वाक्यांत ‘दिलें’ हें भूतकाळ दाखवितें, ‘जाऊं’ दाखवीत नाहीं. ‘मीं त्याला गेला दिलें’ असें शाळेंत न गेलेलें मूलही म्हणणार नाहीं. ‘जायला लावलें’, ‘जायला सांगितलें’, ‘जातांना पाहिलें’ या सर्वांत काळ एकदांच येतो. फरक इतकाच कीं, मराठींत काळ दाखविणारें क्रियापद शेवटीं येतें आणि इंग्रजींत तें आधीं येतें. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वीं तेंच वाक्य शुद्ध मराठींत मनाशीं म्हणून पाहावें. निम्मी चूक तेथेंच टळते.

उरलेली निम्मी चूक ‘टु’ या लहानशा शब्दाची आहे. त्यासाठीं क्रियापदांचे दोन वर्ग ध्यानांत ठेवावे. पहिल्या वर्गांत ‘सी’, ‘हिअर’, ‘वॉच’, ‘फील’, ‘मेक’ आणि ‘लेट’ हीं येतात. यांच्यानंतरच्या क्रियापदास ‘टु’ लागत नाहीं: “वी हर्ड हर सिंग”, “ही मेड मी वेट”, “दे लेट अस गो.” ‘लेट’चें भूतकाळाचें रूपही ‘लेट’च असतें, हें येथें विसरूं नये. दुसऱ्या वर्गांत ‘टेल’, ‘आस्क’, ‘ऑर्डर’, ‘अलाव’, ‘फोर्स’ आणि ‘गेट’ हीं येतात. यांना ‘टु’ हवाच: “आय टोल्ड हिम टु वेट”, “शी अलाउड अस टु गो.” ‘हेल्प’ मात्र दोन्ही घरचा पाहुणा आहे, “आय हेल्प्ड हिम कॅरी इट” आणि “आय हेल्प्ड हिम टु कॅरी इट” हीं दोन्ही वाक्यें शुद्ध आहेत.

‘सजेस्ट’ या दोन्ही वर्गांत बसत नाहीं. “आय सजेस्टेड हिम टु गो” हें वाक्य आमच्याकडे फार लिहिलें जातें, पण तें अशुद्ध आहे. तेथें ‘दॅट’ घालून स्वतंत्र वाक्य करावें: “आय सजेस्टेड दॅट ही गो” किंवा “दॅट ही शुड गो.”

हा भेद कां पडला, असें जिज्ञासु विद्यार्थी विचारतील. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत क्रियेचें हें नुसतें रूप शेवटच्या प्रत्ययावरून ओळखूं येई. ‘टु’ हा मूळचा दिशा आणि हेतु दाखविणारा शब्द. तो पुढें क्रियापदांमागें सर्रास येऊं लागला. प्रत्यय झिजून गेले आणि ‘टु’ राहिला. परंतु कांहीं जुन्या, नित्य वापरांतल्या क्रियापदांनीं त्यास आपल्याजवळ येऊं दिलें नाहीं. ‘मेक’च्या बाबतींत तर दोन्ही रीती पुष्कळ काळ चालल्या. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांतील तेविसाव्या स्तोत्रांत ‘मेक’नंतर ‘टु’ आहे. तें स्तोत्र ज्यांनीं पाठ केलें आहे, त्यांच्या हातून निबंधांतही ‘टु’ पडतो. त्यांना आम्ही दोष देत नाहीं. मात्र तेव्हां शुद्ध असलेली ती रीत आज वापरांतून गेली आहे, हें त्यांनीं जाणावें. जुन्या ‘टु’ची एक खूण अद्याप उरली आहे. कर्मणि प्रयोगांत तो परत येतो: “ही वॉज मेड टु वेट”, “ही वॉज सीन टु फॉल.”

आतां पाहण्याच्या वाक्यांतील एक सूक्ष्म भेद सांगतों. “आय सॉ हिम क्रॉस द रिव्हर” म्हणजे त्यानें नदी ओलांडली, ती या तीरापासून त्या तीरापर्यंत मीं पाहिली. “आय सॉ हिम क्रॉसिंग द रिव्हर” म्हणजे तो नदी ओलांडीत असतां माझ्या दृष्टीस पडला. पलीकडे पोंचला कीं नाहीं, तें मीं सांगत नाहीं. आणि “आय सॉ दॅट ही हॅड क्रॉस्ड द रिव्हर” म्हणजे त्याला ओलांडतांना मीं पाहिलेंच नाहीं. पलीकडे उभा दिसला, त्यावरून जाणलें. प्रसंग एकच, पण साक्षी तीन प्रकारचे.

साक्षीचा हा भेद न्यायालयांतही मानला जातो. जी गोष्ट डोळ्यांनीं पाहतां येण्याजोगी असेल, तिची तोंडी साक्ष ती स्वतः पाहणाऱ्यानेंच द्यावी, आणि जी ऐकण्याजोगी असेल, तिची स्वतः ऐकणाऱ्यानें द्यावी, असा दंडक १८७२ सालच्या भारतीय पुराव्याच्या कायद्यांत होता. त्या कायद्याच्या जागीं २०२३ सालचा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा दंडक त्यांत कायम राहिला आहे. पाहिलेलें आणि तर्कानें जाणलेलें एकच मानलें, तर निरपराध्यावरही आळ येऊं शकतो.

पालकांस आमची एक विनंति आहे. आपणांस इंग्रजी येत नसलें, तरी या कामीं आपलें साहाय्य मोठें होईल. रात्रीं जेवतांना मुलास दिवसभरांतली एखादी गोष्ट विचारावी. आणि तो सांगूं लागला कीं, ‘हें तूं स्वतः पाहिलेंस कीं ऐकलेंस? तूं त्याला करायला लावलेंस, कीं नुसतें करूं दिलेंस?’ एवढेंच पुसावें. मराठींत जो हे भेद जपून बोलतो, त्यास इंग्रजींत ते शिकविणें आम्हांस सोपें जातें.

पेरूच्या झाडाची हकीकत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानें तो निबंध पुन्हां लिहून आणला. या वेळीं वाक्य शुद्ध होतें, आणि त्याच्या खालीं त्यानें आपण होऊन आणखी एक जोडलें होतें: “आय डिड नॉट टेल हिम टु स्टॉप.” ‘थांब’ असें मीं त्याला सांगितलें नाहीं. जेवढा दोष त्याचा होता, तेवढाच त्यानें आतां लिहिला होता. आम्हीं त्या दोन्ही वाक्यांखालीं बरोबरची खूण केली.